मातीचे सोवळे, सिमेंटचे ओवळे

मातीच्या घराचा विषय निघाला की हटकून दोन तट पडतात. एका तटावरचे सांगतात की पूर्वज शहाणे होते, माती श्वास घेते आणि सिमेंट म्हणजे विष. दुसऱ्या तटावरचे म्हणतात, एवढाच जिव्हाळा असेल तर तुम्हीच जा राहायला. गरिबाला कुठे पक्के घर मिळू लागले, तर तुम्हाला मातीचा पुळका आला. पहिल्यांच्या बोलण्यात हिशेब नसतो आणि दुसऱ्यांना हिशेब ऐकायचाच नसतो. भांडण चाललेले असते ते कोणता पदार्थ सोवळ्यातला आणि कोणता ओवळ्यातला, एवढ्यावरच. हवेत किती कार्बन गेला, किती वर्षांच्या वापरासाठी गेला आणि त्याहून कमीत काम भागले असते का, हे विचारायला कोणालाच सवड नसते.

माझे म्हणणे सुरुवातीलाच सांगून टाकतो. नैसर्गिक आणि जवळपास मिळणाऱ्या साहित्याची बाजू खरोखरच भक्कम आहे. पण ती आकडेमोडीची बाजू आहे, आठवणींची नव्हे. एक-दोन मजली इमारतींत आज जे सिमेंट, पोलाद आणि भाजकी वीट ओतली जाते, त्यातला मोठा वाटा निव्वळ सवयीपोटी जातो. हे पटवून द्यायचे तर आधी मातीच्या भक्तांनाच दोन-चार कडू गोष्टी ऐकाव्या लागतील.

आधी सिमेंटचा मूळ दोष नेमका कुठे आहे ते पाहू. १८२४ मध्ये इंग्लंडमध्ये जोसेफ ॲस्पडिनने पोर्टलंड सिमेंटचे पेटंट घेतले. तेव्हापासून कारखाने किती बदलले, पण रसायन तेच राहिले. चुनखडी भाजायची, तिच्यातला कार्बन डायऑक्साइड हाकलून द्यायचा आणि उरलेल्या चुन्याचा मातीतल्या सिलिकाशी संयोग घडवायचा. शुद्ध चुनखडी १०० किलो भाजली, तर ५६ किलो चुना हाती लागतो आणि ४४ किलो कार्बन डायऑक्साइड धुराड्यातून निघून जातो. उद्या सगळ्या भट्ट्या सूर्याच्या उष्णतेवर चालवल्या तरी हे ४४ किलो सुटणारच, कारण ते इंधनातून येत नाहीत, दगडातून येतात. त्यावर १,४५० अंशांपर्यंत भट्टी तापवायचे इंधन वेगळे. जग वर्षाला सुमारे ४ अब्ज टन सिमेंट बनवते आणि मानवनिर्मित कार्बन डायऑक्साइडपैकी ७ ते ८ टक्के एकट्या या धंद्यातून येतो. म्हणजे सिमेंट वाईट कशाने, तर ते कुठेही आणि कितीही वापरले जाते म्हणून. किलोमागे पाहिले तर काँक्रीट हा काही फार घाणेरडा पदार्थ नाही. पोलाद किंवा ॲल्युमिनियम त्याच्या कितीतरी पुढे आहेत.

आता भक्तांची पाळी. चुन्याचा गिलावा म्हणजे निसर्ग आणि सिमेंटचा गिलावा म्हणजे पाप, असे सर्रास बोलले जाते. पण चुना येतो कुठून? त्याच चुनखडीतून, त्याच रसायनाने, फक्त ९०० अंशांच्या आसपास. तो भिंतीवर वाळताना आणि पुढची अनेक वर्षे हवेतला कार्बन परत घेतो, हे खरे. म्हणून चुन्याची बाजू थोडी उजवी. थोडीच.

याहून मोठी फसगत ‘स्थिर केलेल्या’ मातीत होते. माती पाण्याने विरघळू नये म्हणून तिच्यात सिमेंट मिसळतात, साच्यात ठोकतात, आणि त्या सुंदर पट्ट्यापट्ट्यांच्या भिंतीसमोर उभे राहून सगळे फोटो काढतात. हिशेब करून बघा. ३०० मिलिमीटर जाडीची अशी भिंत घेतली, तर एक चौरस मीटरला साधारण ६०० किलो माती लागते. तिच्यात ८ टक्के सिमेंट, म्हणजे ४८ किलो. त्याऐवजी १५० मिलिमीटरची सरळसरळ काँक्रीटची भिंत ओतली असती, तर घनमीटरला ३०० किलोच्या हिशेबाने एका चौरस मीटरमध्ये ४५ किलो सिमेंट गेले असते. मग जिंकले कोण? निदान मातीची भिंत तरी नाही. सिमेंट निम्म्यावर आणले, भिंत पातळ केली किंवा सिमेंट न घालता छपरानेच पाऊस अडवला, तर चित्र पालटते. पण ते मोजल्याशिवाय कळत नाही. त्याहून केविलवाणी गोष्ट म्हणजे आतून आरसीसीचा सांगाडा, वरून दोन इंच मातीचा लेप आणि दिवसभर चालू असलेले एसी, असे ‘पर्यावरणस्नेही’ विश्रामगृह. अशा इमारतींनी मातीची जेवढी बदनामी केली, तेवढी सिमेंटच्या जाहिरातींनीही केली नसेल.

इतके मान्य करूनही मी मातीच्या बाजूने का, ते एका छोट्या गणिताने सांगतो. तीन मीटर उंचीची मातीची भिंत घ्या. घनमीटरचे वजन २,००० किलो धरले, तर तळाशी दर चौरस मीटरवर सहा टन ओझे येते, म्हणजे चौरस मिलिमीटरला ०.०६ न्यूटन. भिंत जाड करा, पातळ करा, हा आकडा बदलत नाही. छपराचा आणि माळ्याचा भार चढवला तरी साध्या एकमजली घरात ताण ०.२ च्या पुढे क्वचितच जातो. बरी ठोकलेली माती सिमेंटचा कणही न घालता १ ते २ न्यूटन झेलते. आणि नेहमीचे एम-२० काँक्रीट झेलते २०. गरज ०.२ ची, माती देते त्याच्या पाच ते दहापट, आणि आपण घेतो शंभरपट. यावर इंजिनिअर म्हणेल की कॉलमला तेवढी ताकद लागतेच. लागते ना, पण भिंतीवर सहज पसरलेले ओझे आधी चार कॉलमांत गोळा करायचे, मग कॉलम नाजूक म्हणून काँक्रीट भारी घ्यायचे, आणि मधल्या रिकाम्या चौकटी पुन्हा विटांनी भरायच्या, ज्या विटा काहीच उचलत नाहीत, ही पद्धत एकमजली शाळेसाठी कोणी ठरवली? उंच इमारतीत ती अपरिहार्य आहे. जमिनीलगत ती नुसती नक्कल आहे.

माती ओढ मात्र सहन करत नाही. दाबा, ती टिकते. ताणा, ती फाटते. म्हणून दारावरची पट्टी, माळा, छप्पर हे भाग मातीला अवघड जातात आणि तिथे लाकूड, बांबू, पोलाद किंवा थोडे काँक्रीट घ्यावे लागते. माझ्या दृष्टीने यात कमीपणा काहीच नाही. आणि ‘मातीचे घर उन्हाळ्यात गार’ हेही सरसकट वाक्य नव्हे. जाड भिंत दिवसाची उष्णता साठवते आणि रात्री सोडते. दिवसरात्रीच्या तापमानात मोठा फरक असेल तिथेच तिचा उपयोग. दमट हवेत, जिथे रात्रही गार होत नाही, तिथे जाड भिंतीपेक्षा हलका कूड आणि खेळता वारा बरा. स्थानिक म्हणजे काय, तर हेच. नुसती जवळची माती आणली म्हणून घर स्थानिक होत नाही. त्यात काळ्या चिकण मातीसारखी ओलाव्याने फुगणारी आणि उन्हाने भेगाळणारी माती भिंतीला जशीच्या तशी चालतही नाही, ती कितीही अंगणातली असली तरी.

आता विरोधकांचा सगळ्यात जड मुद्दा: भूकंप. तो हसण्यावारी नेणाऱ्याशी मी वाद घालत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या परिसरात सुमारे आठ हजार माणसे गेली, ती बहुतेक स्वतःच्याच घराच्या दगडमातीखाली. २६ डिसेंबर २००३ ला इराणमधल्या बाममध्ये पंचवीस हजारांहून अधिक माणसे गेली. तिथे तर मातीचा आणखी एक भयंकर गुण दिसला: कच्च्या विटांची घरे कोसळताना त्यांचा भुगा झाला आणि ढिगाऱ्यात हवेला पोकळ्याच उरल्या नाहीत. काँक्रीटच्या स्लॅबखाली कधीकधी एखादा कोपरा वाचतो, माणूस दोन दिवसांनी जिवंत निघतो. मातीखाली तो गुदमरतो. हे वाचल्यावर कोणी म्हणाले की मला मातीचे घर नको, तर त्याला अडाणी म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही.

पण किल्लारीत नेमके काय पडले? जाडजूड भिंती, आतबाहेर गोटे-दगडांचे दोन थर, मध्ये भर, दोन्ही थरांना बांधणारे आरपार दगड जवळजवळ नाहीत, कोपरे एकमेकांत गुंफलेले नाहीत, आणि या सगळ्यावर मातीचे जड माळवद. हादरा बसला, दोन थर फाकले, माळवद खाली आले. यात दोष मातीचा की वजनाचा आणि जोडकामाचा? २००१ च्या कच्छच्या भूकंपात आजूबाजूला पडझड होत असताना गोल आकाराचे, हलक्या शंकूच्या छपराचे मातीचे ‘भुंगे’, म्हणजे तिथली पारंपरिक घरे, मोठ्या संख्येने उभे राहिले. गोल भिंतीला कोपराच नसतो आणि डोक्यावर ओझे नसते, एवढेच त्यातले शास्त्र. २००५ ला काश्मीरमध्ये धज्जी-देवारी पद्धतीची घरे, म्हणजे लाकडाच्या तिरप्या-उभ्या चौकटीत भरलेले दगड-माती, भेगाळली पण बहुतेक ठिकाणी कोसळली नाहीत. उलट फेब्रुवारी २०२३ मध्ये तुर्कस्तानात पन्नास हजारांहून अधिक माणसे गेली, तेव्हा शहरांत पत्त्यांसारखे एकमेकांवर बसलेले मजले काँक्रीटचेच होते. तिथे कोणी ‘काँक्रीट बंद करा’ म्हणाले नाही. नकाशे कोणी मंजूर केले, सळया कुठे वाचवल्या, असे विचारले गेले आणि तेच योग्य होते. मग मातीचे घर पडले की मातीलाच फाशी, आणि काँक्रीटचे पडले की चौकशी, हा न्याय कुठला?

इतिहासात याचे एक फार चांगले उत्तर आहे. १७५५ ला पोर्तुगालची राजधानी लिस्बन भूकंपाने, लाटांनी आणि आगीने उद्ध्वस्त झाले. पुनर्बांधणी ज्याच्या हाती होती त्या पोंबाल या मंत्र्याच्या इंजिनिअरांनी कोणते साहित्य शापित ते ठरवत बसण्याऐवजी दगडी भिंतींच्या आत लाकडाचा पिंजरा बसवायचा ठरवला. त्याच्या फुल्यांसारख्या तिरप्या दांड्या हादरा खेळवतात. नमुना उभारून त्याभोवती सैनिकांची पलटण चालवली आणि कंप तपासला, असे सांगतात. साहित्य तेच जुने होते, जोडणी नवी होती. पेरूने पुढे कच्च्या विटांच्या बांधकामासाठी स्वतंत्र भूकंप-नियम केले. भारतीय मानक ब्युरोची मातीच्या घरांसाठीची मार्गदर्शक तत्त्वे तर १९९३ चीच आहेत. दारांच्या वरून सलग पट्टा फिरवा, कोपरे बांधा, छप्पर हलके ठेवा, दारे-खिडक्या कोपऱ्यापासून लांब घ्या: यातले काहीच महाग नाही. अडचण एवढीच की हे करायला कोणीतरी डोके लावावे लागते आणि मातीच्या घरासाठी डोके लावणाऱ्याला फी देण्याची पद्धत नाही.

दुसरा मुद्दा मानाचा, आणि तो मला भूकंपाहून अवघड वाटतो. ज्याच्या तीन पिढ्या गळक्या, उंदरांनी पोखरलेल्या भिंतींत गेल्या, त्याला काँक्रीटचे छप्पर म्हणजे केवळ निवारा नसतो, सुटका असते. त्याला आठव्या मजल्यावर राहणाऱ्याने मातीचे माहात्म्य सांगणे हा उद्धटपणाच. इजिप्तचे हसन फाथी हे मोठे वास्तुविशारद. १९४०च्या दशकात त्यांनी लक्सॉरजवळ नवे गुर्ना गाव मातीच्या विटांत, घुमटांत आणि कमानींत बांधायला घेतले. आजही त्याची छायाचित्रे पाहून मन हरखते. पण गुर्नाच्या लोकांनी तिथे जायला नकार दिला. त्यांना प्राचीन थडग्यांवर वसलेल्या आपल्या गावातून सरकारने उठवायला काढले होते, त्यांचे पोट त्या थडग्यांवर चालत होते, आणि वरून घुमट तर कबरीवर असतात ही त्यांची समजूत. घर उत्तम होते, पण कोणी मागितले नव्हते.

याच्या शेजारी पश्चिम आफ्रिकेतल्या बुर्किना फासोमधले गांडो गाव ठेवा. वास्तुविशारद फ्रान्सिस केरे त्याच गावचे. बर्लिनमध्ये शिकत असताना त्यांनी पैसे जमवून गावात शाळा बांधली, ती २००१ ला पूर्ण झाली. तिथेही लोक आधी म्हणाले की माती पावसात वाहून जाईल, आम्हाला माहीत आहे. केरेंनी त्यांना पूर्वजांचे शहाणपण ऐकवले नाही. मातीत थोडे सिमेंट घालून विटा दाबल्या, गावकऱ्यांकडूनच बांधून घेतल्या, आणि छपरासाठी बिनदिक्कत पत्रा आणि पोलादी सळयांच्या कैच्या वापरल्या. पत्रा भिंतीपासून वर उचलला, मधून वारा जाऊ दिला, आणि तो भिंतीच्या बराच पुढे काढला, म्हणजे पाऊस मातीला लागतच नाही. त्यांना २०२२ ला प्रित्झकर हा वास्तुकलेतला मोठा पुरस्कार मिळाला. ‘शुद्ध’ मातीवाल्यांना या शाळेत सिमेंट, पत्रा आणि पोलाद अशी तीन पापे दिसतील. मला तिथे प्रत्येक पदार्थ त्याच्या जागी दिसतो.

देखभालीचा मुद्दा त्याला लागूनच येतो. मालीमधल्या जेनेच्या मशिदीचे, आजच्या रूपात १९०७ ला बांधलेल्या त्या प्रचंड मातीच्या वास्तूचे, दरवर्षी सगळे गाव मिळून लिंपण करते. ते दृश्य विलक्षण आहेच. पण उत्सवात मशीद लिंपणे वेगळे आणि दर पावसाळ्यानंतर एकटीने स्वयंपाकघराची भिंत लिंपणे वेगळे. घर लिंपण्या-सारवण्याचे काम बहुतेक बायकांच्या अंगावर पडत आले आहे आणि त्याचे कौतुक बहुतेक पुरुषांनी लिहिले आहे. ज्या नव्या मातीच्या घराच्या आराखड्यात दरवर्षीची फुकटची मजुरी गृहीत धरलेली असेल, ते घर कमी कार्बनचे असेल, पण न्यायाचे नाही. याला उपाय आहेत: जोते उंच, पागोळी भिंतीपासून लांब, पाऊस झोडपतो त्या बाजूला दगड किंवा भाजकी वीट. हे खर्चात धरा, आणि मग तुलना करा.

आणि मोठ्या शहरांचे काय, हा प्रश्न येणारच. माती उंच जात नाही असे नाही; येमेनमधल्या शिबामचे कच्च्या विटांचे मनोरे सोळाव्या शतकापासून सात-आठ मजले घेऊन उभे आहेत आणि जर्मनीत वाइलबुर्गला एकोणिसाव्या शतकातली ठोकीव मातीची बहुमजली इमारत आजही वापरात आहे. पण खालच्या मजल्यांच्या भिंती इतक्या जाड होतात की शहरातल्या जमिनीला ते परवडत नाही. धरण, पूल, पाण्याची टाकी, वीस मजले, खोल पाया: इथे काँक्रीटच हवे आणि ते मिळालेच पाहिजे. लाकडाने काही वाटा उचलला आहे. नॉर्वेमधला २०१९ चा म्योस्तोर्नेट हा ८५ मीटरचा लाकडी मनोरा पाहा. त्याच्याही वरच्या मजल्यांच्या जमिनी मुद्दाम काँक्रीटच्या केल्या, कारण नुसते लाकूड वाऱ्यात फार हलले असते. लाकूड कार्बन साठवते, घनमीटरला जवळपास ०.९ टन कार्बन डायऑक्साइडइतका, हे खरे. पण तोडलेल्या जागी झाड पुन्हा वाढले आणि ते लाकूड दशकानुदशके इमारतीत टिकले, तरच. बांबू तीन ते पाच वर्षांत तयार होतो, म्हणून त्याचे गणित सोपे. पण त्यातल्या पिष्टावर किडे तुटून पडतात, बोरॅक्स-बोरिक ॲसिडची प्रक्रिया टाळली की ‘हिरवे सोने’ पोकळ भुगा होते.

गंमत अशी की सिमेंटची सगळ्यात आशादायक सुधारणा मातीतूनच आली आहे. केओलिन हे खनिज असलेली चिकणमाती ७०० ते ८५० अंशांवर भाजून, तिच्यात न भाजलेली चुनखडीची पूड मिसळली, की क्लिंकरचे, म्हणजे चुनखडी भाजून भट्टीतून निघणाऱ्या सिमेंटच्या मूळ खड्यांचे, प्रमाण जवळपास निम्म्यावर आणता येते. एलसी-३ नावाने ओळखल्या जाणाऱ्या या सिमेंटमुळे उत्सर्जन ३० ते ४० टक्क्यांनी घटते. स्वित्झर्लंड, क्यूबा आणि भारतातल्या संशोधकांनी मिळून ते विकसित केले. माती की सिमेंट असा वाद घालणाऱ्यांनी हा पदार्थ कोणत्या तटावर ठेवायचा ते एकदा ठरवून सांगावे.

मग एवढे सगळे उपलब्ध असताना ते होत का नाही? लोकांची मानसिकता, हे आळशी उत्तर झाले. जर्मनीचा अनुभव बोलका आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर कोळसा नव्हता, विटा नव्हत्या, म्हणून मातीत बांधणे भाग पडले. १९४४ ला लिहिलेले मातीच्या बांधकामाचे नियम १९५१ ला राष्ट्रीय मानक झाले. पुढे सुबत्ता आली आणि १९७१ ला ते मानक रद्द झाले. नियम पुन्हा यायला १९९०च्या दशकाची अखेर उजाडली. मधल्या वर्षांत माती बदलली नव्हती. पण मानक नाही म्हणून इंजिनिअर सही करणार नाही, सही नाही म्हणून बँक कर्ज देणार नाही, काम नाही म्हणून गवंडी पोराला ती विद्या शिकवणार नाही. एक कागद रद्द झाला की हातातली कला एका पिढीत जाते आणि परत आणायची तर तीस वर्षे पुरत नाहीत. त्यात वास्तुविशारदाची फी सहसा बांधकामखर्चाच्या टक्केवारीत. वास्तुविशारद लॉरी बेकर केरळमध्ये रॅट-ट्रॅप बाँडने, म्हणजे भिंतीत पोकळी ठेवून उभ्या विटा रचण्याच्या पद्धतीने, विटांची सुमारे पाव बचत करत. खर्च घटवणाऱ्या माणसाला टक्केवारीची पद्धत कशी सोसणार, हे सांगायला अर्थशास्त्रज्ञ लागत नाही.

म्हणून मला मातीला अनुदान किंवा सिमेंटवर बहिष्कार यापेक्षा कार्बनच्या हिशेबाचा एक कोरडा रकाना जास्त उपयोगी वाटतो. २०२३ मध्ये डेन्मार्कने १,००० चौरस मीटरहून मोठ्या नव्या इमारतींना कार्बनची मर्यादा घातली: पन्नास वर्षांचा हिशेब धरून, चौरस मीटरमागे वर्षाला १२ किलो कार्बन डायऑक्साइड, ही तेव्हाची मर्यादा. त्यात साहित्यही येते आणि वापरातली ऊर्जाही. कशाने बांधा हे तो नियम सांगत नाही. आकडा ओलांडू नका, एवढेच म्हणतो. असा रकाना प्रत्येक बांधकाम परवान्यात आला, तर एकमजली शाळेला काँक्रीटचा सांगाडा का दिला याचे उत्तर इंजिनिअरला लिहून द्यावे लागेल. आणि आठ टक्के सिमेंट घालून ३०० मिलिमीटरची ‘नैसर्गिक’ भिंत उभारणाऱ्यालाही.